सशर्त निरंक

स्वराली ढेबे या मुलीच्या नावापुढे अकरा घटना निघाल्या, तेव्हा पुण्याच्या उपस्थिती प्रयोगशाळेत आधी सगळ्यांना वाटलं, यंत्र बिघडलं. तंत्रज्ञांनी नमुना पुन्हा घातला. पुन्हा अकरा. तिसऱ्यांदा घातला. अकराच. यंत्र ठणठणीत होतं. बिघडायला हवीत तेव्हा यंत्रं कधी बिघडत नाहीत, हा माझा जुना अनुभव आहे.

तो अहवाल समोर ठेवून डॉ. विभावरी टिळेकर आपल्या खोलीत बसल्या होत्या. ही सगळी पद्धत त्यांनीच शोधून काढलेली. समोरच्या खुर्चीत साताऱ्याच्या एका नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्या हेमलता कुबल होत्या. कुबलबाई सकाळच्या गाडीनं तडक आल्या होत्या आणि त्यांनी चहाला हात लावला नव्हता.

"सोमवारपासून माझ्या दुसऱ्या वर्षाच्या मुली वॉर्डात जाणार," कुबलबाई म्हणाल्या. "एकोणसाठ जणींचं निरंक प्रमाणपत्र आलं. साठावी ही. वर्गात पहिली आहे. सोमवारी ती वॉर्डात उभी राहिली नाही, तर नियमानं तिची जागा रद्द. मग या राज्यात कुठंही प्रवेश नाही. तेव्हा मला आधी एवढंच सांगा, अकरा म्हणजे या पोरीनं अकरा गुन्हे केलेत का?"

"नाही हो. अकरा गुन्ह्यांच्या जागी ती होती."

"होती, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तिच्याच धुळीनं." विभावरीताईंनी हे इतक्यांदा समजावलं होतं की वाक्यं आपोआप येत. "माणूस जिथं उभा राहतो तिथं झडत असतो. कातडीचा बारीक भुगा, श्वासातले थेंब, मिनिटाला हजारो कण. बऱ्याच कणांत त्याची जनुकं असतात. आम्ही त्याला जनुकधूळ म्हणतो. गुन्हा घडला की आमची शोषगाडी तासाभरात तिथं पोचते आणि आठ मीटरच्या वर्तुळातली हवा, माती, कपडे, सगळ्यांवरची धूळ ओढून घेते. तिथं किती आणि कोणती माणसं होती, याची यादी त्यातून निघते आणि उपस्थिती कोशात जाते. विद्यार्थ्याच्या गालातला नमुना त्या सगळ्या याद्यांशी ताडायचा, एवढीच पडताळणी."

"आणि सहज रस्त्यानं जाणारी माणसं?"

"गुन्हा उलगडला की आरोपी सोडून बाकी सगळे आपोआप पुसले जातात. न उलगडलेल्या घटना तेवढ्या राहतात. एखाद-दोन कुणाच्याही निघतील, म्हणून दोन माफ. तिसरी निघाली की निरंक मिळत नाही. तीन-तीन बेवारस गुन्ह्यांच्या जागी जो सापडतो, त्याच्या हाती आजारी माणूस द्यायचा नाही. यात चूक काय आहे, सांगा."

खरं तर ही पद्धत आली तेव्हा यातली चूक कुणालाच दिसली नव्हती. सात वर्षांपूर्वी एका रुग्णालयात प्रात्यक्षिकाला आलेल्या एका विद्यार्थ्यानं तीन म्हाताऱ्यांना सलाइनमधून मारलं होतं, आणि त्याच्या खिशात पोलीस ठाण्याचं चारित्र्य प्रमाणपत्र होतं. कारण तोवर तो कधी पकडलाच गेला नव्हता. लोक इतके खवळले की नर्सिंग, बी.एड., अंगणवाडी, जिथं जिथं शिकणारी पोरं परक्या माणसाला हात लावणार, तिथं तिथं ही नवी पडताळणी बसवली. विभावरीताईंना तेव्हा रस्त्यात थांबवून अनोळखी बायका नमस्कार करत. नमस्कार कुणाला वाईट लागतो!

"मुलगी आणि तिचे वडील बाहेर बसलेत," कुबलबाई म्हणाल्या. "निदान तोंड तरी बघा तिचं."

दोघं आत आली. वीस वर्षांची सडपातळ मुलगी, आणि एक पाय ओढत चालणारे तिचे वडील, संतोष ढेबे. ते खुर्चीत बसायलाच तयार नव्हते.

"बाई, आमची पोरगी काय दरोडेखोर हाय व्हय?" त्यांनी उभ्यानंच विचारलं. "आमचं गाव आंबेखिंड. घाटाच्या पायथ्याला. वर घाटात गाडी उलटली की देवळातली घंटा वाजवत्यात. घंटा वाजली की घरटी एक माणूस वर पळतंय. कुणी घोंगडं घेतंय, कुणी पाणी, कुणी दोर. पणज्यापास्नं चालत आलंय हे. माझ्या पायात सळई बसल्यापास्नं आमच्या घरचं माणूस म्हंजी ही. चौदा वर्सांची होती तवापास्नं जातीया."

विभावरीताईंनी अहवालाकडे पाहिलं. अकराही घटनांची जागा एकच होती, आंबेखिंड घाट. आणि अकराही ठिकाणी पुढचे शब्द तेच होते: अज्ञात वाहन, चालक फरार. ठोकर देऊन पळालेला सापडला नाही, म्हणून घटना उलगडली नाही, म्हणून यादी पुसली गेली नाही.

"मॅडम, मी अकराच्या अकरा सांगू शकते," स्वराली म्हणाली. "मोटारसायकलवाला होता, त्याची जीभ मागं गेलेली. मी जबडा वर धरून बसले. तो जगला. एक बाई होत्या, त्या माझ्या मांडीवर गेल्या. तेव्हा मला नुसतं धरून बसता यायचं, दुसरं काही कळत नव्हतं. पुढचं शिकायचं म्हणून तर नर्सिंगला आले."

"कोणी साक्षीदार?"

"अख्खं गाव की!" ढेबे म्हणाले.

विभावरीताईंना गावाची साक्ष घेता येत नव्हती. नियम त्यांनीच लिहिला होता. साक्षीदाराचं स्वतःचं नाव त्या घटनेच्या यादीत असता कामा नये, नाहीतर चार चोर एकमेकांची साक्ष देतील. त्यांनी ते समजावून सांगितलं.

ढेब्यांनी ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी जे तिथं हुतं त्यांनी बोलायचं न्हाई, आन जे नव्हतंच त्यांनी सांगायचं. मग बघणारानं बघायचं कुठनं?"

विभावरीताईंनी तरीही नेट धरला. मदतीला आलेल्यांसाठी वेगळा शिक्का असावा असं सुरुवातीला सुचलं होतं, त्या म्हणाल्या. पण पडताळणी मंडळानं तो फेटाळला, कारण तो सलाइनवाला विद्यार्थी रुग्ण अत्यवस्थ झाला की सगळ्यांत आधी धावत यायचा. यंत्राला माणूस होता एवढंच कळतं. कशाला होता, हे धुळीत लिहिलेलं नसतं.

"मग मी काय सांगते ते ऐका," कुबलबाईंचा संयम सुटला. "त्या एकोणसाठ निरंक पोरींपैकी निम्म्यांना रुग्णाचा हात धरता येत नाही. रक्त दिसलं की भिंतीला टेकतात. कुणी कण्हलं की दोन पावलं मागं सरकतात. मला आधी वाटायचं, या पिढीचंच असं आहे. आता कळलं. तुम्ही माझ्याकडे चाळून चाळून अशीच पोरं पाठवता, जी आयुष्यात कुणाच्या वाऱ्याला उभी राहिली नाहीत. आणि जी राहिली, तिला घरी धाडता. चोर सोडून संन्याशाला सुळी! वा रे तुमचं शास्त्र!"

हे विभावरीताईंना फार लागलं. शब्द कडू होते म्हणून नव्हे. ते खोटं पाडता येईल याची खात्री होती आणि ते पाडायला त्या बसल्या, तिथं घात झाला.

त्या आठवड्यात त्यांनी अख्खा कोश उपसला. निरंक नाकारलेली सहा हजार दोनशे मुलं होती. त्यांतल्या एकावरही आजवर कुठला गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. बहुतेक जण घाटाखालच्या गावांतले, नदीकाठचे, महामार्गालगतच्या वस्त्यांतले. ही झाली एक गोष्ट. दुसरी याहून वाईट होती. पद्धत सुरू झाली त्या वर्षी एका अपघातस्थळी सरासरी चौदा माणसांची धूळ सापडायची. पुढच्या वर्षी अकरा. मग आठ. यंदा दोन. हा आकडा मंडळाला माहीत होता. दरवर्षीच्या अहवालात तो 'घटनास्थळाची वाढती स्वच्छता' या मथळ्याखाली छापला जायचा, आणि त्याबद्दल विभावरीताईंना पदकही मिळालं होतं. आता त्यांच्या ध्यानात आलं की माणसं जवळ यायची थांबली होती. शोषगाडी आठ मीटर ओढते हे गावोगावच्या आईबापांना ठाऊक झालं होतं. आठ मीटर म्हणजे बारा पावलं. पोरं शाळेत जायला लागली की त्यांना सांगून ठेवत, काही झालं तरी बारा पावलं लांब राहायचं, पुढं शिकायचंय तुला.

त्या दिवशी विभावरीताई जेवल्या नाहीत. आपणच पेटवलेल्या चुलीत आपलाच हात भाजला होता, ओरडायचं कुणाच्या नावानं?

पण बाई चिवट होत्या. शनिवारी मंडळासमोर त्यांनी चार तास भांडण केलं. पद्धत बदला, असं म्हणाल्या तेव्हा कुणी मान वर केली नाही. मग त्या एका मुलीपुरत्या खाली आल्या. अकराही याद्यांत तेच गाव, तीच माणसं, हे आकड्यांत मांडून दाखवलं, आणि संध्याकाळी मंडळ कसंबसं राजी झालं. स्वरालीला सशर्त निरंक मिळालं. जुन्या अकरा घटना मोहोरबंद. मात्र अभ्यासक्रम संपेपर्यंत एकही नवी उपस्थिती निघता कामा नये. निघाली तर प्रमाणपत्र त्याच दिवशी रद्द, आणि त्यावर अपील नाही.

विभावरीताईंनी स्वतः फोन करून सांगितलं. पलीकडून ढेब्यांचा आवाज आला, "बाई, तुमच्या पाया पडतो. आता ती न्हाई जायची वर. आमच्या घरचं माणूस आजपास्नं मी."

"अहो, पण तुमचा पाय..."

"पाय हाय की. हळू जातो."

सोमवारी स्वराली वॉर्डात उभी राहिली. सात आठवड्यांत तिनं काय केलं ते कुबलबाई फोनवर इतक्या कौतुकानं सांगत की विभावरीताईंना हसू यायचं. लहान मुलाची शीर सापडत नसली की आता सिस्टर तिलाच हाक मारतात म्हणे. जखमेवर दाब कुठं आणि किती द्यायचा, हे तिला एकदाच दाखवावं लागलं. कुबलबाई म्हणायच्या, "अहो, शिकवायला आनंद होतो हो असं कुणी असलं की."

आठव्या आठवड्यात सुट्टीसाठी ती घरी गेली. शनिवारी दुपारी, जेवणं उरकून भांडी घासायला काढली होती, तेवढ्यात देवळातली घंटा वाजली.

घंटा वाजवायची पद्धत गावानं सोडली नव्हती, पण घरटी एक माणूस आता नावालाच राहिलं होतं. ज्यांच्या घरात शिकणारी पोरं, त्यांनी बायकापोरांना कधीच मागं घेतलं होतं. उरली होती ती म्हातारी मंडळी. त्या दिवशी पाच जण निघाले. ढेब्यांनी दोरीवरचा धुतलेला सदरा अंगात चढवला, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि पाय ओढत निघाले. स्वरालीला म्हणाले, "तू भांडी घास. भायेर येऊ नकोस."

तिनं भांडी घासली नाहीत. पाण्याची कळशी घेऊन ती लांबून मागं गेली आणि वळणाच्या अलीकडे थांबली. वर एक टेम्पो कलंडला होता. तिघं म्हातारे चालकाला घोंगड्यात घालून खालच्या सडकेकडे घेऊन गेले. ढेबे मागं राहिले, येणाऱ्या गाड्यांना हात करायला. सोबत तानूबाई, वय वर्षं बहात्तर. वरून एक डंपर आला. त्यानं ढेब्यांना उडवलं, क्षणभर थांबल्यासारखा झाला आणि निघून गेला.

स्वराली धावली. तिनं किती पावलं टाकली तिला आठवत नाही, पण बापाचं लक्ष होतं.

"थांब!" ते रस्त्यात पडल्या पडल्या ओरडले. "तिथंच थांब! फुडं पाऊल टाकलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील!"

ती थांबली. मधे पंधरा पावलं असतील. तिथून तिला सगळं दिसत होतं. डाव्या मांडीतून रक्त उसळत होतं, थांबून थांबून, नाडीच्या ठोक्याला. म्हणजे कोणती वाहिनी तुटली हे तिला कळत होतं, आणि किती वेळ आहे हेही कळत होतं.

"आप्पा, मी येते!"

"न्हाई म्हन्तो ना! शिकायचंय तुला! तानूआजी हाय हितं!"

मग ती तिथूनच सांगू लागली. तानूआजी, पदर फाडा. जखमेच्या वर बांधा, वर, अजून वर. गाठीत काठी घाला, पीळ द्या. जोरानं द्या. तानूबाई जमेल तसं करत होती. पण संधिवातानं तिची बोटं वाकडी झालेली. गाठ बसायची आणि सुटायची. "माय, न्हाई गं आवळत मला," असं म्हणत ती रडत होती आणि पुन्हा बांधत होती. जेमतेम पाच मिनिटं हे चाललं. शेवटी शेवटी ढेब्यांना आवाज राहिला नव्हता, तरी हात वर करून ते पोरीला थांबवत होते. मग तो हात खाली पडला.

शोषगाडी चाळीस मिनिटांनी आली. डंपर काही सापडला नाही.

मंगळवारी सकाळी अहवाल विभावरीताईंच्या टेबलावर होता. घटना: आंबेखिंड घाट, अज्ञात वाहन, चालक फरार. मृत: संतोष ढेबे. आणि खाली, आपोआप ताडून निघालेली ओळ: स्वराली ढेबे, नवी उपस्थिती, एक. प्रमाणपत्र रद्द करण्याची सूचना कॉलेजला गेली होती.

गेली बिचारी जवळ, त्यांना वाटलं. बाप तो. कोण थांबेल? त्यांना रागही आला नाही, उलट थोडं बरं वाटलं, की निदान त्याच्याजवळ कुणीतरी होतं. पण सवयीनं त्यांनी तपशील उघडला. हवेत स्वरालीच्या श्वासाचा एकही कण नव्हता. मातीत नव्हता. रक्तावर नव्हता. तिची सगळी धूळ एकाच जागी होती, मयताच्या सदऱ्यावर. तिनं धुतलेल्या, पिळलेल्या, दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्यावर.

धूळ कपड्यावरून प्रवास करते, हे विभावरीताईंना पहिल्यापासून माहीत होतं. शंभरात सात-आठ वेळा असं होतं. एवढी चूक कुठल्याही पद्धतीत धरून चालतात.

त्यांनी मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे मान्य केलं, तर उद्या प्रत्येक आरोपी म्हणेल, मी नव्हतो, माझी धूळ कपड्यावरून आली. अख्खा कोश कोसळेल, विभावरीताई. आणि घरच्या माणसांची धूळ वगळायची नाही, हा आग्रह कोणाचा होता? बहुतेक खून घरातच होतात, हे तुम्हीच पटवून दिलंत आम्हाला." त्यात काहीच खोटं नव्हतं. दुपारपर्यंत त्या आणखी सहा जणांशी बोलल्या. रडल्यासुद्धा. शर्त ती शर्त, असं सगळ्यांनी सांगितलं.

हे फोनवर सांगायची त्यांना लाज वाटली, म्हणून त्या गाडी काढून आंबेखिंडला गेल्या. दारात तानूबाई बसली होती. आत स्वराली भिंतीला टेकून बसली होती, केस तसेच, डोळे कोरडे. कुबलबाई आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांच्या हातात कॉलेजला आलेली सूचना होती आणि त्यांनी ती अजून वाचून दाखवली नव्हती.

विभावरीताईंना पाहताच स्वराली घाईघाईनं उठली.

"मॅडम, मी गेले नाही," ती म्हणाली. "खरंच गेले नाही. विचारा तानूआजीला. पंधरा पावलं होती. मी तिथूनच सांगत होते. दाब कुठं द्यायचा ते बरोबर सांगितलं मी. एक पाऊल पुढं टाकलं नाही. उद्या रजा संपते, मी वॉर्डात येते. आप्पांनी तेवढ्यासाठीच..."

"मला माहीत आहे तू गेली नाहीस," विभावरीताई म्हणाल्या. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले, आणि तिला सगळं सांगितलं. सदऱ्याचं सांगितलं. धूळ कपड्यावर कशी बसते ते सांगितलं. मंडळ काय म्हणालं तेही सांगितलं. काही लपवलं नाही. लपवण्यासारखं उरलंच काय होतं!

स्वरालीनं सगळं ऐकून घेतलं. हुशार मुलगी, एकदाच सांगावं लागलं. तिनं दोरीवरच्या कपड्यांकडे बघितलं. मग वळून तिनं अगदी साध्या आवाजात, वॉर्डातली शंका विचारावी तसं विचारलं,

"म्हणजे मी गेले असते तरी चाललं असतं, मॅडम?"

तिनं विभावरीताईंच्या हातांतून आपले हात सोडवून घेतले.

"पाच मिनिटं होती हो," ती म्हणाली. "गाठ मला येत होती."